अर्ध्या इंचाचा क्लिक टॉर्क रेंच, आठ महिन्यांनी: आधी चौदाचा पाढा पाठ करा

२८ ते २१० न्यूटन-मीटर (पुढे एनएम), अर्ध्या इंचाचा ड्राइव्ह (सॉकेट बसतो तो चौकोन), हँडल फिरवून आकडा लावायचा साधा क्लिक रेंच, म्हणजे बोल्ट ठरवलेल्या टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) आवळला गेला की 'क्लिक' देणारा पाना. ब्रँडचं नाव देत नाही, कारण हाच पाना वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांतून वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि आतली स्प्रिंग, पिन, रॅचेट सगळं एकाच घडणीचं असतं. अचूकता अधिक-उणे ४ टक्के वगैरे डब्यावरच छापलेलं आहे. छापलेलं नाही ते हे: याची पट्टी दहा-दहाने नाही, चौदा-चौदाने चढते.

दांड्यावर कोरलेले आकडे बघा. २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८, ११२, असं करत २१० पर्यंत. हँडलचा एक पूर्ण फेरा म्हणजे १४ एनएम. हँडलच्या कडेला ० ते १४ च्या बारीक रेघा, त्यातही आकडे फक्त सम संख्यांना. म्हणजे ९० लावायचे तर ८४ ची रेघ उघडी करून वर ६. १०३ हवे तर ९८ आणि ५. मॅन्युअलमध्ये इंजिनाचे आकडे ४५, ६५, ८०, ११० असे असतात, चौदाच्या पटीतला क्वचितच सापडतो. स्प्रिंगचा कडकपणा आणि स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) यांच्या गुणाकारातून एका फेऱ्याला १४ आले, हे समजतं. पिच थोडा बदलून दहा का आणले नाहीत, हे आठ महिन्यांनंतरही समजत नाही.

नुसती गैरसोय असती तर इतकं लिहिलं नसतं. पण यात एक ठरावीक चूक दडलेली आहे. बारीक आकडा १० च्या पुढे गेला की हँडलची कड वरच्या मोठ्या रेघेच्या इतकी जवळ येते की ती रेघ गाठल्यासारखीच वाटते. ४० म्हणजे २८ अधिक १२. कड ४२ च्या रेघेला जवळजवळ टेकलेली दिसते, डोळा ४२ वाचतो, त्यात १२ मिळवतो आणि मनात ५४ होतात. उलटंही होतं: ४२ च्या पुढे १२ लावले जातात, प्रत्यक्षात ५४ लागलेले असतात आणि ४० लावल्याचं समाधान असतं. ३५ टक्के जास्त. ११० चंही तेच, ९८ अधिक १२. आणि नेमका ४० हा आकडा हेड बोल्टच्या (सिलिंडरवरचं हेड ब्लॉकला आवळणाऱ्या बोल्टच्या) पहिल्या टप्प्यासाठी कितीतरी इंजिनांत येतो. त्यावर पुढे बोल्ट ९० अंश आणि पुन्हा ९० अंश फिरवायचा असेल, तर सुरुवातीचे १४ एनएम जास्तीचे घेऊनच बोल्ट ताणला जातो. ॲल्युमिनियम ब्लॉक असेल तर बोल्ट तुटण्याआधी आटे उपटून येतात.

मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं उपकरण) वापरणाऱ्यांना हा सापळा माहीत असतो. उपाय त्यांचाच: आधी शून्यावर आणून मोठी रेघ नीट जुळवायची, मग तिथून पुढे बारीक रेघा मोजत जायचं. नेहमी खालून वर चढत आकडा लावायचा. पुढे गेला तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा वर यायचं, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा हिशेबात येत नाही. मग खालचा लॉक नॉब घट्ट. तो विसरला तर तीन-चार ओढींत हँडल आपसूक एक-दोन रेघा सरकतं.

डब्यात चाचणीचा कागदही येतो. क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासलेला, पद्धतीला धरूनच. २१० चे २० टक्के ४२, ६० टक्के १२६. तिन्ही आकडे चौदाच्या पाढ्यातले! म्हणजे चाचणी बरोबर त्याच ठिकाणी होते जिथे बारीक रेघ शून्यावर असते आणि वाचनाची चूक होऊच शकत नाही. कागद खोटा नाही, पण जिथे हात चुकतो तिथे तो काही सांगत नाही.

दुसरी तक्रार आवाजाची होती. 'होती' म्हणतोय, कारण पहिल्या दोन महिन्यांनी हे मत बदललं. पट्टीच्या तळाशी, ३० ते ४५ च्या आसपास, क्लिक इतकं मऊ येतं की कंप्रेसर चालू असेल तर ऐकूच येत नाही. हाताला हलका झटका बसतो, तेवढाच. तो चुकला आणि ओढत राहिलं तर रेंच अडवत नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं. क्लिक ही फक्त खूण आहे. त्यापुढे तो साध्या पान्यासारखाच आवळत जातो. 'खात्रीसाठी' दुसऱ्यांदा क्लिक करणारे दर वेळी थोडं जास्त आवळतात.

सुरुवातीला वाटलं स्प्रिंग हलकी आहे, पाना परत करावा. कारण निघालं ग्रीस. पाना आठवडाभर पडून राहिला की आतल्या पिनभोवतालचं ग्रीस एका जागी बसतं, आणि पहिल्या दोन-तीन क्लिक उशिरा व मऊ येतात. उशिरा म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त टॉर्कवर. काम सुरू करण्याआधी ड्राइव्हचा चौकोन शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून १५०च्या वरच्या आकड्यावर पाच-सहा क्लिक काढून घेतल्या की पुढच्या स्वच्छ येतात. तरी तळाच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये. असे बहुतेक रेंच कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून पुढेच हमीचे असतात, म्हणजे इथे ४२ पासून. २८ ते ४२ हा पट्टा कोरलेला आहे, पण वापरायचा नाही असंच धरावं. मग वर सांगितलेल्या ४० चं काय? त्यासाठी लहान रेंचच हवा, आणि तो नसेल तर निदान क्लिक ऐकू येईल अशी शांतता.

एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टसाठी तर हा पाना उचलूच नये. व्हॉल्व्ह कव्हर, टायमिंग कव्हर, ऑइल संप इथले एम६ साधारण १० एनएमचे. या पान्याची सुरुवातच त्याच्या पावणेतीनपट. तो २८ वर क्लिक देईपर्यंत ॲल्युमिनियमचे आटे चुरा होऊन बोल्टला चिकटून बाहेर आलेले असतात. पाव इंच ड्राइव्हचा ५ ते २५ वाला दुसरा रेंच घ्यावा लागतो. 'एकात सगळं' होईल या हिशेबाने मोठा पाना घेणाऱ्यांची काटकसर इथे संपते. स्पार्क प्लगही, एम१४ चा गॅस्केटवाला साधारण २० ते ३० मध्ये येतो, तोही या मोठ्या पान्याचा गिऱ्हाईक नाही.

आता मूळ कामाबद्दल, कारण पान्याला दिलेल्या बऱ्याच शिव्या खरं तर आट्यांना द्यायला हव्यात. आपण टॉर्क मोजतो, पण इंजिनाला हवा असतो बोल्टचा ताण. लावलेल्या जोरातला ढोबळ निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि दहाएक टक्केच ताणात उतरतात. म्हणून घर्षण जरा बदललं की त्याच क्लिकवर ताण कुठल्या कुठे जातो. एम१० बोल्ट ४५ एनएमला आवळा. कोरड्या आट्यांना टॉर्क गुणांक (डोक्याखालचं आणि आट्यांतलं घर्षण एकत्र धरणारा 'के') ०.२ धरला तर ताण २२.५ किलोन्यूटन येतो, म्हणजे साधारण २३०० किलोचं वजन. तेल लावलं आणि गुणांक ०.१५ वर आला, तर त्याच ४५ वर ३० किलोन्यूटन. पान्याची अधिक-उणे ४ टक्क्यांची चूक आणि तेलाच्या एका थेंबाची ३३ टक्क्यांची. पान्याच्या अचूकतेवर तासभर वाद घालायचा आणि आटे तसेच गंजके सोडायचे, याला काय म्हणावं!

त्यामुळे मॅन्युअलमध्ये 'कोरडे' लिहिलंय की 'तेल लावून' हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. तेल लावून म्हटलं असेल तर आट्यांना आणि डोक्याखालच्या वॉशरच्या बाजूलाही, हलका हात, टपकणारं नको. कोरडं म्हटलं असेल आणि ग्रीस लावलं तर बोल्ट ताणला जाणार. ब्लॉकमधली भोकं योग्य मापाच्या चेझरने (आहेत तेच आटे साफ करणाऱ्या हत्याराने) साफ करावीत. नवे आटे पाडायचा टॅप इथे नको, तो धातू खातो. मग हवेने फुंकून पूर्ण कोरडी. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट त्यावर पिस्टनसारखा दाबत जातो: पाना क्लिक देतो, हेड मात्र दाबलं गेलेलं नसतं, आणि जोर फारच झाला तर ब्लॉकला चीर जाते. हेड गॅस्केट बदलून महिन्याभरात पुन्हा फुटण्यामागे हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा असतं.

हेड आवळताना मधून बाहेर, गोलाकार क्रमाने. खोलताना बाहेरून मध्ये. ९० एनएमचं साधं हेड तीन टप्प्यांत घ्यावं: ३०, ६०, ९०. आणि इथे या चौदाच्या पट्टीने पहिल्यांदा खूश केलं. २८ अधिक २, ५६ अधिक ४, ८४ अधिक ६. पुढच्या दर टप्प्याला दोन पूर्ण फेरे आणि वर दोन रेघा. (३० तळाच्या बेभरवशाच्या पट्ट्यात येतात हे खरं, पण पहिला टप्पा नुसता बसवण्यापुरता असल्याने चालतं.) एका टप्प्याचे सगळे बोल्ट झाल्याशिवाय पुढचा आकडा लावायचा नाही.

अंशांवर आवळायचे बोल्ट असतील तर या रेंचचं काम पहिल्या टप्प्यापाशी संपतं. पुढचे अंश साध्या लांब दांड्याने द्यावेत, बोल्टच्या डोक्यावर आणि हेडवर रंगाची खूण करून. असे बोल्ट मुद्दाम कायमचे ताणले जातात, त्यामुळे मॅन्युअलने नवे सांगितले असतील तर जुने पुन्हा लावू नयेत. काही इंजिनांत लांबीची मर्यादा देऊन पुनर्वापर चालतो. तिथे व्हर्नियरने प्रत्येक बोल्ट मोजायचा, एक मोजून बाकीचे गृहीत धरायचे नाहीत.

आधीच आवळलेला बोल्ट 'चेक' करायची सवयही सोडावी. ६५ चा बोल्ट कोणी १०० ला आवळला असेल तरी पाना ६५ वर इमानेइतबारे क्लिक देतो. शंका असेल तर साधा बोल्ट पाव फेरा सैल करून परत आवळावा.

उभं एक्स्टेंशन लावलं तर आकडा बदलत नाही. पण अडचणीच्या जागी काकपाय सॉकेट (बाजूला उघड्या तोंडाचा, पान्याच्या पुढे जोडायचा) पान्याच्या सरळ रेषेत पुढे लावला, तर बदलतो. ड्राइव्हच्या मध्यापासून हाताच्या पकडीच्या मध्यापर्यंत ४०० मिमी, काकपायाने वाढवलेली लांबी ५० मिमी, बोल्टला हवेत ९०: तर ९० गुणिले ४०० भागिले ४५० म्हणजे ८० लावायचे. काकपाय काटकोनात वळवला तर हा हिशेब लागत नाही. पकड हँडलच्या मधोमधच हवी. टोकाला पाइप चढवून ओढलं तर क्लिकचा आकडाच सरकतो.

आठ महिन्यांनंतर अचूकता टिकली का? यासाठी प्रयोगशाळेची गरज पहिल्याच वर्षी नाही, शिकंजा पुरतो. चौकोन शिकंज्यात धरा, पाना आडवा सरळ. चौकोनाच्या मध्यापासून ४०० मिमीवर, म्हणजे पकडीच्या मध्यावर, २० किलोचं खात्रीचं वजन टांगा. त्याचे ७८.५ एनएम. पान्याचं स्वतःचं वजनही धरावं लागतं: तो १.६ किलोचा, बोटावर तोलला तर २१० मिमीवर तोल मिळतो, म्हणून आणखी ३.३. एकूण ८१.८. पाना ४ टक्क्यांच्या आत असेल तर ७८ लावल्यावर क्लिक यायलाच हवं आणि ८६ लावल्यावर यायला नको. वजन हाताने धरून सावकाश सोडायचं, झटक्याने सोडलं तर चाचणी फुकट. हा पाना दोन्हींत पास झाला. ७८ म्हणजे ७० अधिक ८, ८६ म्हणजे ८४ अधिक २, हे वेगळं सांगायला नको.

टिकला याचं श्रेय एका सवयीला. काम झालं की दर वेळी २८ वर परत. ११० वर दाबलेली स्प्रिंग महिनोन्महिने डब्यात राहिली तर ती थकते आणि क्लिक लवकर येऊ लागतं, म्हणजे बोल्ट कमी आवळले जातात. २८ च्याही खाली मात्र जाऊ नये, आतले भाग जागेवरून हलतात. अडकलेला बोल्ट या पान्याने सोडवू नये, आणि रॅचेट उलटं फिरतं म्हणून डाव्या आट्यांच्या बोल्टवर त्याचा आकडा खरा धरू नये. हमी उजव्या दिशेची आहे. रोजच्या गॅरेजात दरवर्षी किंवा ५००० क्लिकनंतर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशन करून घ्यावं.

एक नवीन त्रास सहाव्या महिन्यापासून. ब्रेक क्लीनरने पुसल्यामुळे कोरीव रेघांमधला पांढरा रंग निघायला लागला. सगळ्यात आधी ८४ ची रेघ पुसट झाली, कारण तिच्यावर कापड सगळ्यात जास्त फिरलं. पुसट रेघेमुळे चौदाच्या पाढ्यातला एक आकडा गाळून थेट पुढच्यावर जाणं आणखी सोपं. रेघांवर पांढरा मेणखडू घासून वरचा कापडाने पुसला की खाचेत रंग राहतो, आणि क्लीनरऐवजी कोरडं फडकं वापरलं की टिकतोही. डब्याच्या झाकणावर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ६५ म्हणजे ५६+९, ८० म्हणजे ७०+१०, ९० म्हणजे ८४+६, १०३ म्हणजे ९८+५, आणि लाल शाईत ११० म्हणजे ९८+१२, कड ११२ च्या अलीकडेच राहायला हवी.