शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना परत अंगठा लावायला सांगितला तर तिथेच उठा

सोलापुरात इंजिनिअरिंग, फार्मसी, डिप्लोमाला मुलं घातलेल्या पालकांनी हे वाचाच. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरायला सरकार एक पैसाही घेत नाही. पूर्व भागात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका केंद्रवाल्याने आमच्याकडून फॉर्मचे २,५०० घेतले, वर ‘मंजुरी आणून देतो’ म्हणून १,५००. मंजुरी हा काय आणणार? फॉर्म कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, तिथून सरकारी विभागाकडे. मध्ये याचा संबंधच नाही.

खरा डल्ला पुढेच मारला. मुलाचा अंगठा मशीनवर बसला, स्क्रीनवर टिक आली, तरी म्हणाला, "नीट आला नाही, परत लाव." पहिला अंगठा महाडीबीटीच्या नोंदणीचा होता. दुसऱ्यावर त्याने मुलाच्या नावाने एका पेमेंट बँकेत (दुकानातच अंगठ्यावर खातं उघडून देणारी छोटी बँक) खातं उघडलं आणि मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. ती टिक आम्ही दोघांनी बघितली होती! पण रेशन दुकानात तीन-तीनदा अंगठा लावायची सवय असलेल्या माणसाला संशय येणार कुठून?

आणि पासबुकाची झेरॉक्स जोडली म्हणून निर्धास्त राहू नका. पैसे आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं तिथे जातात. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा २१,७५० चा पहिला हप्ता असाच त्याच्या ताब्यातल्या खात्यात पडला आणि निघालाही. एकूण २५,७५० गेले.

आता कॉलेज म्हणतं, पोर्टलवर रक्कम जमा दिसते, फी भरा. आमची बँक म्हणते, ते खातं आमचं नाही. पोलीस ठाण्यात सायबर पोलिसांकडे जा म्हणतात, सायबरवाले म्हणतात आधी ठाण्यात अर्ज द्या. पैसे काढले त्या खात्याचा उतारा मागितला तर पेमेंट बँकवाले ओटीपी मागतात. तो ओटीपी जातो चोराच्याच फोनवर! मुलाचं नाव, मुलाचं आधार, आणि उतारा मिळत नाही मुलालाच. एकानेही कागद हातात घेऊन नीट वाचला नाही. पावती नाही म्हणून आम्हालाच दरडावलं. केंद्रवाला पावती देत नाही हे यांना माहीत नाही का?

‘माय आधार’ या आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, आजच बघा. भलत्याच बँकेचं नाव दिसलं तर आपल्या बँकेत आधार जोडणीचा फॉर्म पुन्हा भरा. पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात नंतर जा. महाडीबीटीचं युजरनेम, पासवर्ड, मोबाइल नंबर मुलाचाच हवा. नूतनीकरणाचा फॉर्म दरवर्षी असतो, लॉगिन दुसऱ्याकडे राहिलं की दरवर्षी त्याच्या दारात. काम झालं की आधारचं बायोमेट्रिक (अंगठ्याची ओळख) लॉक करून टाका. फॉर्म कॉलेजातच बसून भरा, आणि क्लार्क ‘बाहेरून भरून आण’ म्हणाला तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.