मन लागत नाही तेव्हाची वही: सहा महिन्यांच्या वापरानंतर

लागतं काय? शंभर पानी वही, पेन आणि मोबाइलचा गजर. पद्धतीचं नाव बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन. मन लागायची वाट न बघता काम आधी सुरू करायचं, एवढंच. उदासीत माणूस एकेक गोष्ट टाळतो. टाळल्यावर घटकाभर हायसं वाटतं, पण बरं वाटण्याच्या जागाही दिवसातून गळत जातात. दिसायला उपाय किरकोळ, तरी गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत हाच उपचार प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत दिला. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या चाचणीतले रुग्ण सौम्य नव्हे, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनचे होते.

आधी मोजमाप. पीएचक्यू-९ ही डिप्रेशन किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. बेरीज ५ ते ९ म्हणजे सौम्य. ती पंधरवड्यातून एकदाच भरा, रोज भरली तर आकडा कालच्या झोपेवर नाचतो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर वही मिटून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा (मोफत, चोवीस तास). थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सुरुवातीलाच तपासून घ्या. तिथली कमतरताही अशीच मरगळ आणते. चालू गोळ्या वहीच्या भरवशावर बंद करू नका.

पहिला आठवडा फक्त नोंदी. तासाला एक ओळ, पुढे दोन रकाने: 'मजा' आणि 'जमलं', दहापैकी. एक पान असं दिसतं:

७.१० चपला घालून फाटकापर्यंत – मजा १, जमलं ६
१.०० वरण-भात, ताटावर बसून – मजा ३, जमलं ३
४.०० रील्स, ४० मिनिटं – मजा २, जमलं ०

'जमलं' आधी वर सरकतं, 'मजा' मागून, कधी महिनाभराने. दुसऱ्या आठवड्यात बरेच जण इथेच वैतागून वही सोडतात.

मग रोज दोनच कामं, वेळ घालून. 'फिरायला जाणे' हे काम नव्हे, 'फाटकापर्यंत' हे काम. सलग दोन खाडे पडले तर दोष आळसाचा नाही, पायरी उंच झाली. ती निम्मी करा. दुसरी चूक म्हणजे रात्री आठवून गुण देणं. उदास मन दिवसातलं वाईट तेवढंच निवडून आणतं, म्हणून गुण जागच्या जागी. तिसरी: यादीत नुसती कर्तव्यं, वीजबिल, माळा, बँकेची केवायसी. दोनातलं एक तरी काम पूर्वी आवडायचं असं हवं. आणि जून-जुलैत फिरणं हमखास बुडतं, तेव्हा प्रत्येक बाहेरच्या कामापुढे कंसात पावसाचा पर्याय आधीच लिहून ठेवा.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण एकट्याने वही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मरते. दर रविवारी 'दाखव बघू' म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि ते उपदेश न करणारं हवं. दीड-दोन महिन्यांत आकडा हललाच नाही किंवा १० वर वा त्यापुढे गेला, तर मानसोपचारतज्ज्ञ.

सलग दोनदा बेरीज ५ च्या खाली आली की रोजच्या नोंदी थांबवता येतात. शेवटच्या पानावर मात्र घसरण सुरू होताना पहिलं काय सुटतं ते लिहून ठेवा: अंघोळ दुपारवर जाणं, आईचा फोन न उचलणं, कुंड्यांना पाणी राहून जाणं.