स्ट्रोकनंतरची रिहॅब टीम: बरेच महिने वापरून झालेलं मत

पॅरालिसिस झाला की नातेवाईकांपासून वॉचमनपर्यंत सगळे एकच सांगतात, चांगला फिजिओ बघा. बघितला, चांगलाच मिळाला, पण बाबांचं उजवं अंगही गेलं होतं आणि बोलणंही, अशा पेशंटचं एकट्या फिजिओवर भागत नाही हे डिस्चार्जच्या वेळी कोणी धड सांगितलं नाही, फाईलमध्ये फक्त 'फिजिओथेरपी चालू ठेवणे'.

फिजिओचं काम म्हणजे बेडवरून उठणं, बॅलन्स, चालणं, आणि त्यात पैसे वसूल. आम्ही भांडुपला, बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून त्याने जिना लवकर घेतला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी, आई अजून प्रत्येक पायरीला पुटपुटते. अधू हात धरून ओढत उठवायचं नाही, खांदा सरकतो, हे मात्र ब्युरोकडून पेशंट सांभाळायला येणारा माणूस बदलला की परत पहिल्यापासून सांगा.

पण माझ्या मते खरा फरक पडला ओटीमुळे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. भारतात या विषयाचं शिक्षण १९५० मध्ये आपल्या केईएमलाच सुरू झालं, कमला निंबकरांमुळे, आणि तरी मुंबईत निम्म्या लोकांना माहीत नाही हे कोण असतात! आमच्या मॅडमनी पहिल्या दिवशी व्यायाम घेतलाच नाही, सरळ बाथरूम बघितलं. कमोड उंच करा, दांडी चांगल्या हाताच्या बाजूला लावा, दारातलं पायपुसणं काढा. मग शर्ट. "काका, घालताना आधी उजवा हात, काढताना तो शेवटी." बाबांनी पहिल्यांदा स्वतःचा शर्ट स्वतः घातला तेव्हा बटणं वरखाली लागली होती, पण कोणालाही हात लावू दिला नाही.

स्पीच थेरपिस्ट फक्त बोलायला शिकवते असं वाटायचं, तर तिने आधी गिळणं तपासलं. मऊ भात नीट जायचा आणि साध्या पाण्याला ठसका लागायचा, कारण पातळ पदार्थ घशात पटकन सरकतात आणि श्वासनलिकेत जायची भीती जास्त. म्हणून पाणी आणि चहा दोन्ही दाट करायची पावडर घालून, ताठ बसवूनच भरवायचं आणि नंतर लगेच आडवं करायचं नाही. दाट चहा बघून बाबांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. गंमत म्हणजे 'पाणी' हा शब्द निघत नव्हता पण आरती अख्खी म्हणायचे, तोंडपाठ गोष्टी अशा वेळी बऱ्याचदा शाबूत राहतात म्हणे, तिने तिथूनच सुरुवात केली.

आता तक्रार. सुरुवातीला एका कंपनीचं 'फुल टीम पॅकेज' घेतलं होतं, तिथे टीम फक्त बिलावर. दोघं-दोघं एकाच सकाळी येणार, एकाने दमवलेला पेशंट दुसऱ्याच्या हातात, आणि कोणाला कोणाचं काही माहीत नाही. ते बंद करून फिजिकल मेडिसिनच्या डॉक्टरना दाखवलं, म्हणजे रिहॅबचेच स्पेशालिस्ट, पीएमआर म्हणतात ते, आणि गाडी रुळावर आली. वळलेल्या मुठीला औषध की बोटुलिनमचं इंजेक्शन, पायाला स्प्लिंट कुठला, या महिन्यात कशावर भर, हे ते ठरवतात आणि बाकीचे त्याप्रमाणे चालतात. स्प्लिंट ऑर्थोटिस्टने माप घेऊन बनवला. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, प्रायव्हेटचे रेट ऐकून गरगरत असेल तर आधी तिथे जाऊन या.

सायकॉलॉजिस्टला आम्ही उशिरा बोलावलं, तोपर्यंत बाबांचं रडणं म्हणजे हट्ट असंच सगळे धरून चाललेले, स्ट्रोकनंतर डिप्रेशन कॉमन आहे हे तिने आईला समजावलं तेव्हा घरातला आवाज जरा खाली आला. अपंगत्वाच्या कार्डाची कागदपत्रं सोशल वर्करने सांगितली, तिकडे एवढंच.

जाता जाता, फिजिओ आणि ओटीचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे असतं, स्पीच आणि ऑर्थोटिस्टचं आरसीआयकडे, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे. नंबर बिनधास्त मागा. आमच्याकडे एक 'स्पीचवाले' सर नंबर विचारल्यावर उद्या देतो म्हणाले, ते परत फिरकलेच नाहीत.