ऑर्थो, मेटा की पॅरा? हॉर्मोन रिसेप्टरच्या ब्लॉकरसाठी कार्बोरेन निवडताना

हॉर्मोन रिसेप्टर म्हणजे पेशीतलं हॉर्मोनला पकडून काम सुरू करणारं प्रथिन, आणि ब्लॉकर म्हणजे त्याला अडवणारा रेणू. नैसर्गिक हॉर्मोनांतला स्टेरॉइडचा सांगाडा सोडून कार्बोरेनवर ब्लॉकर बांधायचं ठरलं, की पहिला प्रश्न आयसोमरचा येतो: ऑर्थो, मेटा की पॅरा. १० बोरॉन आणि २ कार्बन अणूंचा हा गोलसर पिंजरा पाण्यापासून लांबच राहतो, म्हणूनच रिसेप्टरच्या तेलकट पोकळीत छान बसतो. तिन्ही आयसोमरांत फरक एवढाच, की कार्बनच्या जागा वेगळ्या.

खिशाला परवडतो तो ऑर्थो. डेकाबोरेन (१० बोरॉन अणूंचं संयुग) आणि हवा तो अल्काइन (कार्बन-कार्बन तिहेरी बंधाचा रेणू) घेतला की पिंजरा बनतानाच तुमचा गट त्यावर येतो. ऑर्थो ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की मेटा मिळतो, पॅरासाठी ६०० च्याही वर जावं लागतं. म्हणून पॅरा महाग. पण ऑर्थोला अल्कली सोसत नाही. एक बोरॉन गळतो आणि उघड्या तोंडाचा, ऋणभारित निडो पिंजरा उरतो. तो त्या पोकळीत जाईल ही आशा सोडा. झाकून ठेवलेला फिनॉल (ओएच गट असलेलं बेंझिन वर्तुळ) मोकळा करायला बोरॉन ट्रायब्रोमाइड चालतं, पण संश्लेषणाच्या शेवटी अल्कलीत उकळणं असेल तर ऑर्थो नकोच.

आता आकार. पॅरावरचे दोन गट सरळ रेषेत, मेटावरचे कोनात, ऑर्थोवरचे शेजारी-शेजारी. जपानचे रसायनशास्त्रज्ञ यासुयुकी एंडो आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून याच विषयावर काम केलं. त्यांचा बीई१२० हा रेणू म्हणजे पॅरा पिंजरा: एका टोकाला फिनॉल, दुसऱ्याला हायड्रॉक्सिमिथाइल. तो इस्ट्रोजेन रिसेप्टर रोखत नाही, जोरात चालू करतो. बीई३६० मध्ये ऑर्थोवर दोन फिनॉल आहेत. तो उंदरांच्या हाडांवर इस्ट्रोजेनसारखा वागतो, गर्भाशयावर नाही. म्हणजे ऊतीनुसार वागणारा रेणू हवा असेल तर ऑर्थोचा विचार जरूर करा.

अँड्रोजेन म्हणजे पुरुष हॉर्मोनच्या रिसेप्टरसाठी मात्र मी पैसे पॅरावरच घालेन. बीई१२० मधला फिनॉल काढून तिथे सायनो गट असलेलं बेंझिन वर्तुळ लावलं (सायनो वर्तुळाच्या मेटा जागी, पिंजरा पॅराच), की तोच पिंजरा अँड्रोजेनचा पूर्ण ब्लॉकर होतो; २०१० मध्ये हे दाखवलं गेलं. अडवणूक एकट्या पिंजऱ्याने होत नाही, टोकांवरचे गटही तितकेच ठरवतात. मेटा मी राखीव ठेवेन, पोकळीला बाक हवा असेल तेव्हासाठी.

चाचणी साध्या रिसेप्टरवर संपवू नका. एलएनकॅप या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींतल्या टी८७७ए नावाचा बदल झालेल्या अँड्रोजेन रिसेप्टरवर हायड्रॉक्सीफ्लुटामाइड हा जुना अँड्रोजेनविरोधी रेणू ब्लॉकर राहतच नाही, उत्तेजक होतो. तुमचा रेणू तिथे कसा वागतो ते आधी पाहा.