बल्ब काढून घेतला आणि १,४७५ डॉलरही

हे लिहायला मी दीड महिना टाळाटाळ केली. लाज वाटत होती, दुसरं काय. ऑइल फिल्टर बदलणं, प्लग काढणं, ब्रेक पॅड घालणं ही कामं मी घरच्या ड्राइव्हवेवर करतो, त्यामुळे गाडीतलं काहीच न कळणारा भोळा गिऱ्हाईक मी नव्हतो. तरी एका गॅरेजवाल्याकडून फसलो. आणि ऑकलंडमधल्या निम्म्या मराठी घरांसमोर जपानहून आलेली जुनी गाडी उभी असते, म्हणून लिहितोय.

माझी १९९३ची टोयोटा करोना. २०१९ साली २,८०० डॉलरला घेतली. सगळी जपानी बाजारासाठी बनलेली, त्यामुळे डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा आहे ज्यावर तीन चिनी अक्षरं. उच्चार हाइकिओन, अर्थ एक्झॉस्टचं तापमान. नव्वदच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच जपानी गाड्यांत हा असायचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टचा विषारी धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट, फार तापला तर तो दिवा लागावा, म्हणजे गाडी सुक्या गवतावर उभी करून आपण आग लावू नये, असा त्याचा उद्देश. हे मला आता तोंडपाठ आहे. मे २०२४ मध्ये मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

मे महिन्यात पावसाची झड लागली आणि तो दिवा अधूनमधून लागायला लागला. कोरड्या दिवशी नाही. पावसात निघालं की पाचेक मिनिटांत पिवळा. ही गोष्ट मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितली होती, हे इथे मुद्दाम लिहितो. पावसात सायलेन्सर जास्त तापतो का हो? मी सांगितलं, त्याने ऐकलं, आणि दोघांनीही त्यावर विचार केला नाही. त्याने का केला नाही ते कळतं. मी का केला नाही?

हा गॅरेजवाला आपल्याकडचाच. नाव लिहीत नाही, गॅरेजचंही नाही. आमच्या मराठी ग्रुपवर दोघातिघांनी सुचवलेला, सातारी बोलणारा, पहिल्या फोनला "दादा, टेन्शन घेऊ नका, गाडी आपलीच समजा." गेलो तर चहा. बायकोला वहिनी. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, अशा गोष्टी सगळ्या सारख्याच चालतात.

तपासणीचे ९५ डॉलर, ते कार्डावर दिले. तपासणी काय केली, तर बॉनेट उघडलं, इंजिन दोनदा रेस केलं, खाली टॉर्च मारला. मीटर हातात घेतला नाही. मग डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हणाला, "दादा, हे जपानीत लिहिलंय, कॅट संपला. आतून वितळलाय. वहिनींना, पोरांना याच गाडीत बसवता ना?" खिशात फोन होता. कॅमेरा धरला असता तर दहा सेकंदांत भाषांतर झालं असतं. पोरांचं नाव निघालं आणि मी फोनला हात लावायचं विसरलो. हा अशा फसवणाऱ्यांचा हातखंडा असतो.

जुन्या कॅलेंडरच्या पानामागे त्याने हिशोब मांडला. नवा कॅट ७८०, सेन्सर ३४०, मजुरी २६०. एकूण १,३८०. "बिल केलं तर वर पंधरा टक्के जीएसटी लागेल, रोख दिलेत तर तेवढे वाचतील." २०७ डॉलर वाचवले मी. होय, वाचवले. दोनदा एटीएमवर जाऊन, एकदा ८०० आणि एकदा ५८०, असे मोजून त्याच्या हातात ठेवले. आता कुणी म्हणेल, टॅक्स चुकवायला निघाला होता, बरं झालं. म्हणा. पण इथे घराचा हप्ता, दोन मुलं आणि एकाच्याच पगारावर चाललेलं वर्ष असेल तर २०७ डॉलर काय असतात ते मला सांगू नका.

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही.

शनिवारी गाडी आणायला गेलो, धाकटा बरोबर होता. नऊ वर्षांचा आहे. त्याचा एक खेळ आहे. मी चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधी डॅशबोर्डचे सगळे दिवे लागतात, ते तो मोजतो. जपानी अक्षरांचा तर त्याचा खास लाडका. त्या दिवशी मी चावी फिरवली आणि तो म्हणाला, "बाबा, एक कमी झाला. सातचे सहाच लागले."

गॅरेजवाला खिडकीत हात टेकून उभा होता. त्याच्या डोळ्याची पापणी हलली नाही. म्हणाला, "हुशार आहे हो पोरगा! आता कॅट नवीन, तर दिवा कशाला लागेल?" आणि मी हसलो. मी पोराला म्हणालो, "अरे, दुरुस्त झालंय ना." पोरगा काही बोलला नाही, त्याने फक्त परत एकदा मोजलं.

इंजिन सुरू व्हायच्या आधी दिवा लागतोच. लागायलाच हवा. बल्ब जिवंत आहे हे दाखवण्यासाठीच तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. ऑइलचा तसाच, बॅटरीचा तसाच. हे मला माहीत होतं! वीस वर्षं गाडी चालवतोय, भारतात असल्यापासून. सहा दिवे डोळ्यासमोर विझताना बघितले, सातव्याची काळी जागा बघितली आणि मनात म्हटलं, चला, सुटलो.

जुना कॅट परत मागितला होता का? मागितला. "भंगारात गेला दादा, आत प्लॅटिनम असतं ना, भंगारवाला लगेच उचलतो." प्लॅटिनम असतं हे खरंच आहे, म्हणून ते पटलं. खोटं बोलणारा माणूस मधे एक खरं वाक्य घालतो. जुना पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी देण्याआधी खाली वाकून फोटो काढा, आणि जो पार्ट बदलणार त्याच्यावर कायम टिकणाऱ्या मार्करने एक रेघ मारून ठेवा.

ऑगस्टच्या शेवटी वॉरंट ऑफ फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, संपत होतं. २००० सालाआधीची गाडी, म्हणून तेव्हा दर सहा महिन्यांनी तपासणी असायची. ही दुसऱ्या जागी करतो. गाडी लिफ्टवर वर गेली, तपासणारा पोरगा खालून हाक मारतो, "हा कॅट कुणी रंगवला?" मी जाऊन बघितलं. चंदेरी स्प्रे मारला होता. बोल्टची टोकं गंजून गोल झालेली, त्यांना तीस वर्षांत पाना लागलेला नाही हे आंधळ्यालाही कळावं. उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या कोपऱ्यात वाळलेल्या चिखलाचं एक ढेकूळ होतं, सुपारीएवढं. त्या ढेकळावरही चंदेरी रंग. मी नखाने टोकरलं तर अर्धं हातात आलं, बाहेरून चांदी, आत माती. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय.

तिथून एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. बडबड शून्य. त्याने मीटरचं पॅनल सैल केलं, मागे हात घातला आणि म्हणाला, इथे बल्बच नाही. साडेचार डॉलरचा बल्ब लावला. दिवा लागला. आणि इंजिन सुरू केल्यावर लागलेलाच राहिला, म्हणजे मूळ बिघाड होता तिथेच. मग त्याने डावीकडच्या पुढच्या सीटखालचा गालिचा उचलला. तिथे सेन्सरच्या वायरचं कनेक्शन असतं. ते सोडलं, दिवा विझला. एवढंच निदान. कनेक्शन सोडल्यावर दिवा विझला तर बिघाड सेन्सर किंवा त्याच्या वायरमध्ये, तसाच राहिला तर पुढच्या वायरिंगमध्ये. नंतर त्याने तापमान मोजायची पिस्तूल कॅटवर धरली, इंजिन गरम असताना. काही वावगं नव्हतं.

कनेक्टर आतून हिरवा पडला होता. वायर जिथे फरशीच्या भोकातून खाली जाते तिथे रबर फाटून तांबं पत्र्याला घासत होतं. या सेन्सरचं असं असतं की तो गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. वायर बॉडीला टेकली, ओल आली, की गाडीला वाटतं खाली भट्टी पेटलीय. म्हणून पावसात. म्हातारा म्हणाला, या गाडीत कधी पाणी शिरलं होतं का? शिरलं होतं. २७ जानेवारी २०२३चा पूर, आम्ही वेस्ट ऑकलंडला, गालिचा भिजला होता, चार दिवस हीटर लावून वाळवला आणि विसरलो. इन्शुरन्स थर्ड पार्टी, कुणाला सांगणार? म्हाताऱ्याची मजुरी ८५, जीएसटी धरून ९७ डॉलर ७५ सेंट. बल्ब धरून १०२ डॉलर २५ सेंट. आणि बिल. न मागता, छापील.

कॅट खरंच तापत असेल तर गाडी सांगते. इंजिन थरथरतं, एखादा सिलिंडर मारत नाही, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, सडक्या अंड्याचा वास येतो, पायाखालची फरशी गरम लागते. तसं असेल तर गाडी थांबवा, कुणाची वाट बघू नका. माझी करोना लोण्यासारखी चालत होती. कुणी निव्वळ दिवा बघून कॅट बदला म्हणालं तर चहा संपवा आणि निघा.

आता तक्रारीचं पुराण. गॅरेजवाल्याला फोन केला. "कुठला बल्ब, दादा?" दुसऱ्यांदा उचललाच नाही. गॅरेजवाल्यांच्या संघटनेला विचारलं, तो सभासद नाही म्हणे, आम्ही काही करू शकत नाही. मग सभासद होतात ते कोण, जे फसवत नाहीत ते? ग्राहकांसाठी असलेल्या सरकारी ठिकाणी ४० मिनिटं संगीत ऐकलं. फोनवरची बाई गोड होती. एकेका माणसाच्या तक्रारीत आम्ही पडत नाही, पण तुमची नोंद उपयोगी पडेल, म्हणाली. कुणाला उपयोगी? पोलिसांना कळवलं तर हे म्हणे फौजदारी नव्हे, दिवाणी. दिव्याचं प्रकरण दिवाणीच असणार म्हणा! आणखी एका कार्यालयात फॉर्म भरला, त्यात "बिल जोडा" असा रकाना, तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकतच नाही. शेवटी मी तिथे कॅलेंडरच्या पानाचा फोटो चिकटवला. पुढच्या बाजूला अंगारकी चतुर्थी. उत्तर आलं, जोडलेला दस्तऐवज समजला नाही. प्रत्येकाने मला सहानुभूती दिली आणि दुसऱ्याचा नंबर दिला. नंबरांची माझ्याकडे आता वहीच आहे. कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट १९९३ सालचा आहे, माझ्या गाडीच्याच वयाचा. काम योग्य काळजीने आणि कौशल्याने व्हायला हवं असं त्यात लिहिलंय आणि रोख पैसे दिले म्हणून तो हक्क जात नाही. हे मला त्यातल्या एकानेही आपणहून सांगितलं नाही. लायब्ररीत बसणाऱ्या एका निवृत्त स्वयंसेवक आजींनी सांगितलं, फुकट.

रोख देणारच असाल तर निदान समोर उभं राहून "१,३८० दिले, कॅट आणि सेन्सरचे" असा मेसेज त्यालाच पाठवा आणि त्याचा "हो" येऊ द्या. मला हे तेव्हा सुचलं नाही. एटीएमच्या दोन नोंदी, ९५ची कार्डाची नोंद, कॅलेंडरचं पान, म्हाताऱ्याचं बिल आणि ढेकूळ, एवढाच माझा पुरावा.

७ सप्टेंबरला गणपतीत तो भेटला. प्रसादाच्या रांगेत वाढायला उभा, कपाळाला गुलाल. माझ्या ताटात मोदक ठेवून म्हणाला, "काय दादा, गाडी मस्त ना?" मागे तीसेक माणसं, शेजारी बायको. मी "हो" म्हणालो. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "मोदक तरी कशाला खाल्लात?"

छोट्या दाव्यांच्या ट्रिब्युनलमध्ये अर्ज केलाय. वकील लागत नाही, आपणच बोलायचं असतं. रक्कम लिहिलीय १,४७५, वर १०२ डॉलर २५ सेंट. तारीख २१ नोव्हेंबर, गुरुवार. त्या दिवसाची रजा टाकलीय, बिनपगारी. धाकट्याला साक्षीला नेता येतं का ते विचारायचं राहिलंय.