८ तास ५० मिनिटं : वर्षभर वापरल्यानंतर

वर्षाचे ११९९ रुपये पुन्हा कापले जाणार असा मेसेज आला, म्हणून लिहायला बसलो. दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारं हे ॲप. काय काय दाखवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही. माझं भांडण एकाच आकड्याशी आहे.

दिल्ली-लंडन : ६,७०० किमी, ८ तास ५० मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादहा तास. मला वाटलं, उशीर झाकायला कंपन्या वेळ फुगवून लिहितात, आपलं ॲप खरं. मुलीकडे लंडनला निघताना जावयांना ॲपचीच वेळ कळवली. बिचारे हीथ्रो विमानतळाच्या पार्किंगमध्ये दीड तास जास्तीचे बसून राहिले. सासऱ्याला कोण बोलणार! पण पार्किंगची पावती गाडीत नेमकी माझ्या डोळ्यांसमोर होती. मनातल्या मनात पाउंडाचे रुपये केले आणि तिथेच ॲपला एक तारा ठोकला.

मग नातीच्या टेबलावर पृथ्वीगोल दिसला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक दिल्लीवर दाबलं, दुसरं लंडनवर, आणि ताणला. दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून, कॅस्पियनच्या उत्तर टोकाजवळून थेट युक्रेनवर. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद. पाकिस्तानचं आपल्या विमानांना एप्रिल २०२५ पासून. आमचं विमान आधी अरबी समुद्राकडे गेलं, मग वायव्येला वळलं. म्हणजे ॲप खोटं बोलत नाही, ते दोरा मोजतं, सरळ अंतर; विमानाचा वळसा नाही. दोन तारे वाढवले.

येताना वळसा तोच, तरी नऊ तासांच्या आत दिल्ली! पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारी जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा, पाठीशी होती. जाताना तीच तोंडावर. आता ॲपमध्ये लंडन-दिल्ली टाका. काय येतं? ८ तास ५०. अरे, उलटं टाकलंय, दोन मिनिटं तरी इकडची तिकडे करा! हिशेब लावून पाहिला : अंतराला ताशी ८०० ने भागायचं, वर अर्धा तास घालायचा. पोह्यांची प्लेट संपायच्या आत मी हे कागदावर करतो, तेही फुकट. एक तारा परत घेतला.

इंदूर-दिल्लीचं ठीक आहे, ६६० किमी, एक तास वीस मिनिटं. जवळपास तेवढंच लागतं. पण इंदूर-लंडन टाकलं की ७,१०० किमी आणि साधारण सव्वानऊ तास. असं थेट विमान आहे कुठे? इंदूरच्या रामबागेतून निघून मुलीच्या दारात पोचायला आम्हाला बावीस तास लागले. त्यातले साडेपाच दिल्लीच्या टर्मिनल ३ वर, गुळपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन.

ऑटो-रिन्यूअल बंद केलंय. पुढच्या खेपेला जावयांना तिकिटाचा फोटो पाठवणार. दोन तारे.