टोपोग्राफी करायची असेल तर इथे करा

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चष्म्याचा सिलिंडर नंबर सारखा बदलायला लागला, तेव्हा केराटोकोनसचं निदान झालं. म्हणजे कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) मधोमध किंवा थोडा खाली पातळ होऊन पुढे येतो. यात बरेचसे निर्णय टोपोग्राफीवर, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीवर होतात, म्हणून मी डॉक्टरांपेक्षा या क्लिनिकच्या तपासणी विभागाबद्दल लिहितेय.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारलं, "लेन्स वापरते का?" सॉफ्ट लेन्स किमान आठवडाभर आणि सेमी-सॉफ्ट असतील तर दोन-तीन आठवडे आधी बंद ठेवायला सांगितल्या. लेन्सच्या दाबानं कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. शिवाय येताना काजळ नको, मस्कारा नको. आधी जिथे जात होतो तिथे यातलं एकानंही विचारलं नव्हतं. मुलगी लेन्स काढून थेट मशीनसमोर बसली होती, आणि त्याच रिपोर्टवर "आजार वाढलाय, लगेच सी-थ्री-आर करून घ्या" असं सांगून आम्हाला घाबरवून सोडलं होतं. सी-थ्री-आर म्हणजे कॉर्निया मजबूत करून आजाराची वाढ थांबवायचा उपचार.

इथल्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी तो जुना प्रिंट हातात घेऊन समजावलं. मशीन डोळ्यावर ज्या गोल रिंगा पाडतं, त्यांचं प्रतिबिंब वरच्या बाजूला पापणीच्या सावलीत गेलेलं होतं आणि खाली रिंगा तुटक, वाकड्यातिकड्या होत्या. डोळा कोरडा पडला की असं होतं, कारण प्रतिबिंब उमटतं ते अश्रूंच्या थरावर. रिंगाच धड नसतील तर त्यावरून काढलेल्या लाल-पिवळ्या नकाशावर किती विसंबायचं?

इथे टोपोग्राफी सगळ्यात आधी करतात. डोळ्यात ड्रॉप्स घालणं, प्रेशर बघणं हे सगळं नंतर. खोलीत अंधार केला, हनुवटी आणि कपाळ नीट टेकवून घेतलं. "दोन-तीनदा उघडझाप कर बाळा, आता मोठा उघड, समोरच बघ," आणि लगेच क्लिक. डोळा ताणून उघडा धरायला लावत नाहीत. तिची पापणी खाली येत होती, तर ताईंनी भुवईच्या हाडाशी बोट ठेवून ती अलगद वर उचलली. डोळ्यावर बोटाचा दाब पडला तर आकडेच बदलतात, म्हणाल्या.

मग पेंटाकॅम नावाचं दुसरं मशीन. त्याचा कॅमेरा गोल फिरत साधारण दोन सेकंदांत कॉर्नियाचे उभे छेद टिपतो, त्यामुळे मागचा पृष्ठभाग आणि जाडीही कळते. नुसत्या रिंगांच्या मशीनवर ते कळत नाही. स्क्रीनवर 'क्यूएस' म्हणून एक चौकट असते, स्कॅन कितपत चांगला आला ते ती सांगते. पहिल्या वेळी ती पिवळी आली, कारण मध्येच डोळा हलला. बाहेर रांग होती, तरी ताईंनी तो स्कॅन ठेवला नाही. थोडं थांबवलं, पुन्हा घेतला, 'ओके' आल्यावर आणखी एकदा घेतला आणि दोन्हींचे आकडे जुळतात का ते पाहिलं. कॉर्नियाची सर्वांत पातळ जागा ४८२ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी. हे मला स्क्रीन वळवून दाखवलं. काय चाललंय ते पालकाला असं दाखवणारं क्लिनिक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

काही महिन्यांनी याच मशीनवर पुन्हा तपासणी झाली. वेगवेगळ्या मशीनचे आकडे शेजारी ठेवून आजार वाढला की नाही हे ठरवता येत नाही, हेही इथेच कळलं. फरक जवळपास नाही. सी-थ्री-आर तूर्त नको, डोळे चोळणं मात्र पूर्ण बंद आणि ॲलर्जीचे ड्रॉप्स वेळच्या वेळी, असं डॉक्टरांनी सांगितलंय. खरोखर वाढ दिसली तर आम्ही सी-थ्री-आर करूच. पण त्या वेळी आमच्या हातात विश्वास ठेवण्यासारखे रिपोर्ट असतील.

शनिवारी खूप गर्दी असते, शक्यतो मधल्या वारी जा. रंगीत प्रिंट न मागता मिळतो, पीडीएफ मात्र काउंटरवर मागून घ्या. जुने रिपोर्ट असतील तर ते सगळे सोबत न्या, ताई एकेक करून बघतात.